गाळा रिकामा आहे, डॉक्टर पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याला सोलापूरच्या पूर्व भागातला एक दवाखाना बंद झाला. त्याची बातमी कुठं आली नाही, आणि यावी एवढा मोठा तो नव्हताही. दहा बाय अठराचा गाळा, बाहेर दोन बाकडी, आत हिरवा पडदा, पडद्यामागं डॉक्टर. पडद्याच्या अलीकडं औषधांच्या खिडकीत मी. १९८४ च्या दसऱ्याला कंपाउंडर म्हणून लागलो तो शेवटच्या दिवशी कुलूप लावेपर्यंत तिथंच होतो. डॉक्टर आता चौऱ्याहत्तरचे. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्याला कमी दिसतं. "डोस लिहिताना चूक व्हायच्या आधी थांबलेलं बरं," म्हणाले आणि थांबले. मुलगी पुण्याला आर्किटेक्ट, मुलगा कॅनडात. पुढं बसायला घरात कोणी नाही.

हे निरोपसमारंभाचं पत्र समजू नका. हारतुरे डॉक्टरांना चालत नाहीत. एकदा गल्लीतल्या मंडळानं शाल आणली तर ती त्यांनी त्याच संध्याकाळी थंडी वाजून आलेल्या पेशंटच्या अंगावर घातली, आणि ती परत काही आली नाही. मी लिहितोय ते माझ्या शेजारणीमुळं.

शेजारीण अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं विड्या वळल्या. बीपीची एक गोळी तिला आमच्या डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी सुरू केली होती, तीच चालू होती. दवाखाना बंद झाल्यावर सुनेबरोबर ती दुसरीकडं गेली. "बीपीची गोळी घेते" एवढंच सांगितलं. कुठली, ते पाठ नव्हतं आणि रिकामं पाकीट घरी राहिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्या दिवशीचं बीपी बघून नवी गोळी दिली. हिनं घरी येऊन दोन्ही सुरू ठेवल्या. "दोन्ही बीपीच्याच की, जास्त बरं!" महिन्याभरात पाय सुजले. मग तिसरीकडं. तिथं किडनीची शंका घेऊन रक्त-लघवी तपासली आणि लघवी जास्त होण्याची गोळी मिळाली, ज्याला आमच्याकडं पाण्याची गोळी म्हणतात. वर मे महिना, सोलापूरचा. एका पहाटे मोरीत चक्कर येऊन पडली. दोन दिवस भरती, डोक्याचा स्कॅन, सलाईन. स्कॅन नॉर्मल. बिल तेवीस हजार, बचत गटातून उचललेले. घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं, आधीची औषधं चालू ठेवा.

तिनं औषधांची पिशवी माझ्यासमोर ओतली तेव्हा मला दिसलं ते एवढंच: दोन पाकिटांवर नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण खालच्या बारीक अक्षरात दोन्हीकडं ॲम्लोडिपिन. एकीत नुसतं, दुसरीत दुसऱ्या औषधाबरोबर. या औषधाचा डोस वाढला की काही जणांचे पाय सुजतात हे मी खिडकीत उभा राहून शेकडो वेळा ऐकलेलं आहे. पण मी कंपाउंडर. गोळी बंद करायचा मला अधिकार नाही आणि मी केली नाही. रिक्षात घालून तिला डॉक्टरांच्या घरी नेलं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर पाकिटं पत्त्यासारखी मांडली. झोपवून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. उभी राहिल्यावर ते धाडकन खाली येत होतं. एक गोळी बंद, पाण्याची गोळी बंद, रक्तातलं मीठ तपासायला एक चिठ्ठी. दहा-बारा दिवसांत पाय उतरले, चक्कर गेली. फी म्हणून ती डॉक्टरांच्या बायकोला कडक भाकऱ्यांचा गठ्ठा देऊन आली.

आता यात कोणाला दोष द्यायचा? मी तिघांपैकी एकालाही देणार नाही. एकानं बीपी पाहिलं, एकानं पाय पाहिले, एकानं डोकं पाहिलं. जे समोर आलं त्यावर ज्यानं त्यानं उपाय केला. बाईला सबंध पाहणारा माणूस तेवढा पाडव्याला रिटायर झाला होता.

आमच्या दवाखान्यात वही होती. लांबट, जाड पुठ्ठ्याची, सावकाराच्या खतावणीसारखी. तिच्यात पेशंटचं पान नसायचं, घराचं असायचं. एका घराला एक पान, संपलं की पुढं जोडपान. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे त्याच पानावर. तारीख, कोण, काय होतंय, काय दिलं, आणि शेवटी पैसे किंवा नुसतं 'उ.', म्हणजे उधारी. हा 'उ.' फार. मी लागलो तेव्हा दोन दिवसांच्या औषधासकट पाच रुपये फी होती, शेवटी साठ होती, आणि 'उ.' दोन्ही वेळी होताच. समासात डॉक्टर पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहायचे. 'वडील ४८ व्या वर्षी अचानक.' 'मुलगा भिवंडीला, पैसे पाठवत नाही.' 'सासूसमोर बोलत नाही, एकटीला बोलवणे.' 'पेनिसिलिन नको!!' याला दोन उद्गारचिन्हं, लाल पेन्सिलीत. नवीन माणसाला वाटेल की यात औषधाचा संबंध काय.

सांगतो. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी सुताच्या गोदामातला एक हमाल दुपारी आला. छातीत जळजळतंय, रात्री भजी खाल्ली, एखादी ॲसिडिटीची गोळी द्या म्हणाला. चालत आलेला, हसत बोलणारा, वय सेहेचाळीस. मी गोळी काढायलाही घेतली होती. डॉक्टरांनी वही उघडली, समास पाहिला, ॲस्पिरिन चघळायला लावलं आणि मला म्हणाले, "रिक्षा आण. पळत जा." बाहेर चौदा पेशंट बसलेले. डॉक्टर स्वतः त्याच्याबरोबर रिक्षात बसले. हार्ट ॲटॅकच होता. तो हमाल आज एकाहत्तर वर्षांचा आहे आणि दर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, मला भेटतो. त्याचा बाप कशानं गेला ते तो स्वतः सांगायचा विसरला होता. वही विसरली नव्हती.

पूर्व भाग म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडं लिहितो. तेलंगणातून आलेल्या विणकरांची वस्ती. माझेही आजोबा तिकडचेच. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, कारखान्यात दोन्हीची भेळ. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग राहिले. पुरुष मागावर, बायका विडीला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, दिवसाला हजार विड्यांचं माप. मान खाली ती संध्याकाळपर्यंत वर नाही. डॉक्टर मूळचे पंढरपूरकडचे, तेलुगूचा गंध नाही. पहिल्या वर्षी मी दुभाष्या होतो. दुसऱ्या वर्षापासून ते स्वतःच विचारायला लागले, "एक्कड नोप्पी?" कुठं दुखतं? उच्चार असा की म्हाताऱ्या दुखणं विसरून हसायच्या. पण हसल्यावर खरं दुखणं सांगायच्या. मराठीत "अंग दुखतंय" म्हणणारी बाई तेलुगूत बरंच काही सांगते, हे मी चाळीस वर्षं ऐकलं.

विडीच्या घराचं एक दुखणं वेगळंच असतं. रांगणारं पोर आईच्या सुपातली तंबाखू तोंडात घालतं. लाळ, उलट्या, पोर पांढरं पडतं. असं एक पोर दवाखान्यात आलं आणि सरकारी दवाखान्यातून वाचून घरी गेलं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी लसीला येणाऱ्या प्रत्येक आईला विचारायला सुरुवात केली: सूप कुठं ठेवता? पोर रांगतं का? मला वाटायचं, हा काय डॉक्टरचा प्रश्न झाला? पण मग बायकांनी एकमेकींत ठरवून टाकलं. काम थांबवून उठायचं तर सूप फळीवर, मगच पाणी प्यायला जायचं. तसं पोर मग आमच्याकडं वर्षानुवर्षं आलं नाही. न आलेलं पोर वहीत लिहायला कॉलम नसतो, एवढीच अडचण.

तसंच खोकल्याचं. विडी कामगार बाई खोकली की सगळे म्हणणार, तंबाखूचा खोकला, चालायचंच. डॉक्टरांचा नियम होता, दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा, मग ती विडीची असो की वाण्याची. एका तरण्या सुनेचा टीबी असा सापडला. नाव, गल्ली काही सांगणार नाही. सासरी कळलं तर माहेरी धाडतील, ही भीती. गोळ्या सहा महिन्यांच्या आणि सरकारकडून फुकट, पण ठेवायच्या कुठं? त्या माझ्या खिडकीत राहिल्या, चुन्याच्या डबीमागं. ती मुलाला टॉनिक द्यायच्या निमित्तानं यायची, माझ्यासमोर गोळ्या गिळून जायची. डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला बोलावून सांगितलं आणि घरातल्या लहानग्यांना "शाळेची तपासणी" म्हणून तपासलं. हे शेवटचं थोडं खोटंच, पण पोरं तपासली गेली. सहा महिने पुरे झाले त्या दिवशी तिनं मला विचारलं, आता टॉनिकचं काय करू? मी म्हटलं, पोराला दे. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही सक्तीचं झालं. आमचे डॉक्टर ते आधीपासून करत होते, नुसती एक चिठ्ठी लिहून, माझ्या सायकलवरून.

डेंग्यूचं तर आमच्या नळानं शिकवलं. सोलापूरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. उजनी भरलेली असो की रिकामी, नळ कधी तीन दिवसांनी, कधी पाच दिवसांनी. मग घराघरात निळी बॅरलं, हौद, रांजण, कळश्या. महापालिकेचे लोक येऊन सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. बरोबरच सांगतात. पण पाच दिवसांनी आलेलं पाणी बाई ओतून देईल कशी? डॉक्टर तापाच्या पेशंटला आधी ताप विचारायचे नाहीत. "तुमच्याकडं पाणी कधी आलं होतं?" एका गल्लीतून दोन ताप आले की मला बॅटरी देऊन पाठवायचे, बॅरलात बघून ये म्हणून. वळवळणारे किडे दिसले की परत येऊन सांगायचं. मग त्यांनी बायकांना बसवून उपाय काढला. पाणी यायच्या दिवशी सकाळी बॅरल तळाला आलेलं असतं. तेवढं पाणी बादलीत काढून बॅरल आतून काथ्यानं घासायचं, मग नव्यानं भरायचं, तोंडाला जुनी चादर ताणून दोरीनं आवळायची. घासायचं का, तर या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून जात नाहीत. चादरी आमच्याकडं चिक्कार, तो प्रश्नच नव्हता. आणि डेंग्यूच्या घरी प्रत्येक वेळी तेच सांगणं: तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुकानातून अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी आणायची नाही, आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही. ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर रात्र असली तरी घरी येऊन दार वाजवायचं. वाजवायचे लोक. दोनच्या सुमारासही वाजवायचे.

डॉक्टरांची एक खोड होती. पेशंटबरोबर जो आला असेल त्याचंही बीपी घ्यायचे. सासूला घेऊन आलेल्या सुनेचं, बापाला घेऊन आलेल्या पोराचं. "मला काही झालं नाही हो," म्हणत माणूस हात पुढं करायचा. पूर्व भागातली निम्मी बीपी आमच्याकडं अशीच सापडली असतील. निम्मी हा माझा अंदाज, मोजलं नाही. माग चालवणारा माणूस स्वतःसाठी दवाखान्यात येतच नाही, पाळी बुडते. बायकोला सोडायला येतो तेवढाच. मग मीठ. शेंगाचटणी सोडा म्हटलं तर सोलापूरकर डॉक्टर सोडेल, चटणी सोडणार नाही. आमचे डॉक्टर म्हणायचे, "चटणी चमचाभर, पण लोणचं आणि पापड माझ्या नावानं सोडा." माणसं डॉक्टरांच्या नावानं पापड सोडायची, नवसासारखी.

सगळं गोड गोड होतं असं मात्र नाही. मी लागलो तेव्हा काचेच्या सिरिंजी होत्या, पाण्यात उकळून पुन्हा वापरायच्या. गर्दी झाली की उकळी पुरती यायची की नाही, देव जाणे. तो देव म्हणजे मीच होतो. एकदोघांना इंजेक्शनच्या जागी गळू झालं, ते माझ्या डोक्यावरून अजून उतरलेलं नाही. लोकांना इंजेक्शनशिवाय बरं वाटायचं नाही आणि पहिली काही वर्षं डॉक्टरही देऊन टाकायचे. पुढं त्यांनी ठरवून बंद केलं. त्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं पळाली. उन्हाळ्यात तर "ताकदीची सलाईन लावा" म्हणून बाया हट्ट धरायच्या. डॉक्टर म्हणायचे, एक लिटर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळ, ही तुझी सलाईन, आणि सुई टोचायची नाही. "एवढ्यासाठी तुमच्याकडं आले का?" म्हणून एक बाई तरातरा निघून गेली आणि पलीकडं दोनशे रुपये देऊन सलाईन लावून आली. पुढच्या आठवड्यात परत आमच्याकडंच, हाताला सूज. डॉक्टरांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी बोललो असतो.

२००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. मोठी गोष्ट झाली, पंतप्रधान आले होते किल्ल्या द्यायला. आमच्या वहीतली कितीतरी पानं तिकडं राहायला गेली. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. पण बसनं येत राहिली. मी एकीला विचारलं, तिकडं दवाखाने नाहीत का? म्हणाली, "आहेत की. पण तिथं सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं." जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हाही हेच झालं. घर हललं, पान हललं नाही.

माझी नात नर्सिंग शिकते. मी हे सगळं तिला सांगत होतो तर तिनं मोबाईलवर एक अभ्यास काढून वाचून दाखवला. नॉर्वे देशात प्रत्येकाच्या नावावर एक घरचा डॉक्टर असतो. २०२१ साली तिथल्या संशोधकांनी ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांना एका वर्षाचाच डॉक्टर असणाऱ्यांपेक्षा अवेळी तातडीनं धावण्याची पाळी ३० टक्क्यांनी कमी आली, भरती व्हायची २८ टक्क्यांनी, आणि मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी. मी तिला म्हटलं, यासाठी नॉर्वे कशाला, माझ्या कपाटात आहे. ती म्हणाली, आजोबा, तुमच्या कपाटात ४५ लाख नाहीत. ते खरं. पण गोष्ट तीच आहे.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. १ मे २०२३ ला राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाले, दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरली. ज्यानं ही वेळ ठरवली त्याला माझा नमस्कार. मागवाला आणि विडीवाली संध्याकाळी सहानंतरच मोकळी होते. सकाळी दहाची ओपीडी तिच्यासाठी नसल्यासारखीच. औषधं फुकट, तपासण्या फुकट. माझी तक्रार एकच आहे. घराजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी शेजारणीला घेऊन सहा महिन्यांत चार वेळा गेलो, आणि चार वेळा डॉक्टर वेगळे. चौघंही चांगले, तरुण, नीट बोलणारे. एकीनं तर तेलुगूचे दोन शब्दही विचारून घेतले. पुढच्या खेपेला ती नव्हती. कोणाचा करार संपला, कोणाला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली. त्यांचंही चूक नाही, करारावर ठेवलेला माणूस कराराएवढाच राहणार. म्हणून माझी मागणी मशीनची नाही, इमारतीची नाही. त्याच खुर्चीत तोच डॉक्टर निदान पाच वर्षं राहील एवढी तजवीज करा. त्याला नीट पगार द्या, राहणाऱ्याला जास्त द्या. केसपेपर माणसाचा आहे, तो घराचा करा. आणि औषधांची सगळी पिशवी बरोबर आणा अशी पाटी दारावर लावा. ही पाटी तर उद्याही लागेल, खर्च काही नाही.

आमच्या गावाला डॉक्टर म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा करत १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, वय बत्तीस. आम्ही शाळेत असल्यापासून त्यांचा अभिमान सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. एका गल्लीत चाळीस वर्षं बसलेल्या डॉक्टरचा कोणी पुतळा करत नाही, करूही नये. जागेवर दुसरा डॉक्टर आला की झालं.

दवाखाना बंद झाल्यावर मला चौघा-पाच जणांनी सुचवलं, "तुम्हीच बसा की हो, तुम्हाला सगळं येतंय." एकानं तर भाडं भरायची तयारी दाखवली. मला सगळं येत नाही. काय येत नाही ते ओळखायला डॉक्टर लागतो, एवढं मात्र येतं. सोलापुरात काय, कुठंही असे बसलेले 'डॉक्टर' लोकांना ठाऊक असतात. मला त्या यादीत जायचं नाही.

वह्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. तेवीस वह्या आहेत, दोन चादरींत बांधलेल्या. रद्दीवाला दोनदा विचारून गेला. मी डॉक्टरांना म्हटलं, एखाद्या दवाखान्याला देऊन टाकू. ते म्हणाले, "आपल्या नाहीत त्या द्यायला. ज्या त्या घराच्या आहेत." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं जातो. एक वही उघडतो, मी वाचतो, ते सांगतात, आणि प्रत्येक घरासाठी मी अर्ध्या पानावर उतरवतो: कोणाला काय आहे, कुठली गोळी किती, कशाची ॲलर्जी, बाप कशानं गेला. कागद त्या घरात नेऊन द्यायचा, रेशनकार्डाबरोबर ठेवा म्हणायचं. समासातलं सगळं उतरवत नाही. काही गोष्टी वहीबरोबरच जाळायच्या आहेत. नऊशेच्या वर घरं आहेत. गेल्या रविवारपर्यंत दोनशे बारा झाली. डॉक्टर दमतात, मध्येच चहा मागतात, आणि एखाद्या पानावर बराच वेळ गप्प बसतात.

गाळ्याच्या मालकाला मोबाईलच्या दुकानाकडून तिप्पट भाड्याची मागणी आहे. त्याच्या दोन्ही पोरी आमच्या वहीत आहेत, म्हणून त्यानं शब्द दिलाय, दिवाळीपर्यंत थांबतो, डॉक्टर मिळाला तर जुन्याच भाड्यात देतो. टेबल, तपासायचा पलंग, बीपीचं यंत्र आतच आहे. आमचे डॉक्टर त्याचे पैसे घेणार नाहीत. कोणा तरुण एम.बी.बी.एस. डॉक्टरनं हे वाचलं तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता आहे. पहिले सहा महिने मी बिनपगारी खिडकीत उभा राहीन, घरं ओळखीची करून देईन, तेलुगूही शिकवीन. किल्ली माझ्याकडंच आहे. शटर जरा अडतं, उजवीकडून आधी उचलावं लागतं.

आपला,
एक निवृत्त कंपाउंडर, पूर्व भाग, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)